फ्लायव्हीलचं कुंकू

आमच्या घरी पहाटे दोन आवाज व्हायचे. आधी आईच्या जात्याचा, आणि जातं थांबलं की काळीचा. काळी म्हणजे आमची मोटार. मोटारीला कोणी म्हशीचं नाव ठेवतं का, पण अण्णांनी ठेवलं होतं, आणि आईही तिच्याविषयी म्हशीसारखंच बोलायची. काळीला पाणी पाजलं का, काळी आज तटून बसलीया, काळीच्या अंगावर पोतं टाका. एकदा आत्याच्या सासरचे एक पाहुणे हे ऐकून विचारते झाले, की वैनी, दूध किती देती? आई तोंडाला पदर लावून आत पळाली आणि अण्णांनी अगदी सरळ चेहऱ्यानं सांगितलं, की दूध न्हाई देत, पण आष्ट्यासनं सांगलीपतोर सात माणसं नेती. बसायची जागा पाच जणांची होती, पण ते पाहुण्यांना सांगायचं काही कारण नव्हतं.

खरं म्हणजे मोटारीवाचून आमचं काही अडलं नव्हतं. घरचा ऊस होता, गुऱ्हाळ होतं, दोन बैलजोड्या होत्या. पण पाचगणीचा कुणी साहेब विलायतेला निघाला आणि त्याची जुनी गाडी अण्णांच्या डोळ्यांत भरली. ती घरी आली तेव्हाच चांगली दहा-बारा वर्षांची होती. त्यात लढाई सुरू झाली. पेट्रोल कूपनावर, टायर बघायला नाही, सुटा भाग मागितला तर सांगलीचा दुकानदार हसायचा. थोरला दादा फौजेत गेला, आणि काळीची जी सेवा तो करायचा ती माझ्याकडे आली. मी तेव्हा सोळा वर्षांची. सातवी पास होऊन घरात बसलेली, लग्नाचं बघणं सुरू झालेलं, आणि अंगात मस्ती इतकी की काय करू आणि काय नको. गाडी धुणं, रेडिएटरला पाणी घालणं, हवा बघणं, सगळं मी करायची. फक्त हँडल मारायला अण्णा देत नसत. हँडल उलटं फिरलं तर मनगट मोडतं, आणि मोडक्या मनगटाची पोरगी कोण करून घेणार, असा त्यांचा सरळ हिशेब होता.

काळीचे वैद्य म्हणजे चांदचाचा. साठीकडे झुकलेले, पांढरी दाढी, डोळ्यांना जाड भिंगाचा चष्मा, त्याची एक काडी सुतळीची. त्यांचे वडील मोटा आणि नांगर दुरुस्त करायचे, चाचा तेलाच्या इंजिनांवरून मोटारीवर आले. अक्षरओळख नव्हती, पण इंजिनावर तळहात ठेवला की आत काय चाललंय ते सांगायचे. गुऱ्हाळाचं इंजिन असो की काळी, अण्णांनी दुसऱ्या कुणाचा हात कधी लागू दिला नव्हता. चाचांचा एक नियम होता. लोखंडावर विनाकारण छिन्नी चालवायची नाही. दुसरे मिस्त्री भाग खोलताना छिन्नीनं खुणा करायचे, म्हणजे जोडताना चुकायला नको. चाचा तेलात शेंदूर कालवून बोटानं ठिपका द्यायचे. म्हणायचे, "चांगल्या लोखंडाला जखम का करावी? त्येला बी जीव हाय."

त्या वर्षी दसऱ्याच्या तोंडावर काळीचा क्लच घसरायला लागला. चाचांनी मागचा सगळा संसार खोलला. गिअरबॉक्स खाली आला, क्लच निघाला, आणि इंजिनाच्या पाठीमागचं फ्लायव्हीलही निघालं. फ्लायव्हील म्हणजे लोखंडाचं जाडजूड चाक. आकार परातीएवढा आणि वजन जात्याच्या तळीएवढं. इंजिन धक्क्याधक्क्यानं चालतं, ते धक्के हे चाक आपल्या वजनात जिरवतं आणि फिरणं एकसारखं ठेवतं. त्याला सहा भोकं, इंजिनाच्या ज्या फिरत्या दांड्यावर ते बसतं त्यालाही सहा, आणि कसंही फिरवलं तरी बोल्ट बसणार. पण या गाडीचं चाक आणि दांडा जोडीनं तोललेले आहेत, एक भोक जरी इकडचं तिकडं झालं तर तोल गेला, असं चाचांनी मला समजावून सांगितलं होतं. "नवरा-बायकू हायत गं. पत्रिका जमवूनच बसवायचं," असं म्हणून त्यांनी एक शेंदराचा ठिपका दांड्यावर दिला आणि त्याच्या समोर एक चाकावर. हे मी ऐकलं होतं, स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, आणि दोन दिवसांत साफ विसरले होते. सोळाव्या वर्षी कानात शिरलेलं डोक्यात राहील असं थोडंच असतं.

खंडेनवमीच्या सकाळी चाचा क्लचच्या पट्टीला अस्तर लावून आणायला सांगलीला गेले. इकडे आईनं गोठ्याशेजारच्या पडवीत पूजेची मांडामांड सुरू केली. आमच्याकडे खंडेनवमीला विळा, कोयता, नांगराचा फाळ, दादाची जुनी तलवार, सगळं पाटावर मांडायचं. चाचांची हत्यारांची पिशवीही दर वर्षी त्याच पाटावर असायची. ते आदल्या दिवशीच आणून ठेवायचे. काळी तर उघडी पडलेली, मग तिच्या वतीनं फ्लायव्हील पूजेला घ्यायचं ठरलं. पण ते होतं काळंकुट्ट, तेलानं माखलेलं. आई म्हणाली, "असलं दरिद्री लोखंड पाटावर ठेवतीस व्हय? घास की जरा." एवढं म्हणायचा अवकाश. घासण्यात माझा हात धरणारं गावात कोणी नव्हतं. मी ते चाक लोटत लोटत दगडी डोणीपाशी नेलं. आधी रॉकेल, मग राख, मग चिंच. कडेला दात होते, त्यातला एक अर्धा मोडका. त्या मोडक्या दातानं माझ्या डाव्या हाताचं पहिलं बोट चर्रकन कापलं. रक्त गळायला लागलं ते नेमकं एका तांबड्या डागावर. डाग तेलकट, जुना वाटला, मागच्या वर्षीचं कुंकू असेल म्हणून मी त्याच्यावर आणखी चिंच चोळली. तो निघता निघेना, तसा मला जास्तच चेव आला. शेवटी खापरीनं खरडून काढला. आईनं बोटावर हळद दाबली आणि म्हणाली, लग्नाआधी सगळी बोटं शिल्लक ठेव. मग चाक पाटावर ठेवलं, दाराकडून बघणाऱ्याला शोभेल अशा बाजूला कुंकवाचा ठिपका दिला, आणि गुळगुळीत लोखंडावर कोरडं कुंकू टिकेना म्हणून त्यात गोडेतेलाचे दोन थेंब घातले.

तिन्हीसांजेला चाचा सांगलीहून परतले. नवमीचा बोकड मुलाण्यानं हलाल केलेला असायचा, त्यामुळे चाचांचं ताट आमच्याच पंगतीत. मटणाचा तांबडा रस्सा, बाजरीची भाकरी आणि फोडलेला कांदा. रश्श्याच्या वासानं शेजारची कुत्रीसुद्धा दारात पूजेला बसल्यासारखी बसायची. जेवायच्या आधी चाचा पडवीत डोकावले. झेंडूच्या माळेत ते चाक चांदीच्या ताटासारखं चमकत होतं. चष्मा वर-खाली करून त्यांनी बघितलं आणि अण्णांना हाक मारली. "अण्णा, पोरीनं लोखंडाचा आरसा केला बघा. मिस्त्री व्हायाची ही." मी त्या दिवशी जमिनीवर चालत नव्हते. दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या.

चार दिवसांनी काळी जोडून झाली आणि अण्णा मला आणि आईला घेऊन सांगलीला निघाले. वेशीपर्यंत ठीक होतं. पुढे सडक मोकळी लागली, अण्णांनी वेग घेतला, आणि गाडी थरथरायला लागली. हिवतापाच्या माणसाला हुडहुडी भरते तशी. आईच्या बांगड्या आपोआप वाजायला लागल्या, मागची काच खडखडली, माझे दात दातांवर आपटले. वेग कमी केला की थांबायचं, वाढवला की पुन्हा सुरू. कृष्णेच्या पुलापर्यंत आम्ही बैलगाडीच्या चालीनं गेलो आणि तसेच परत आलो. एका सायकलवाल्यानं आम्हाला मागं टाकलं आणि वर वळून पाहिलं, हे अण्णांना फार लागलं.

मग गावानं निदानं सुरू केली. आमच्या गावात मोटार एकाकडेच होती, पण मोटारीतलं कळायचं सगळ्यांनाच. कुणी म्हणालं चाकं वाकडी, कुणी म्हणालं पेट्रोलमध्ये रॉकेल. वाण्यानं सडकेला दोष दिला. आईनं मीठ-मोहऱ्या घेऊन काळीची दृष्ट काढली, कारण त्या सायकलवाल्याची नजर तिला बरी वाटली नव्हती. दृष्ट काढताना मोहऱ्या चांगल्या तडतडल्या. काळी तरी थरथरतच राहिली.

चाचा मात्र घाई करणारे नव्हते. त्यांनी बॉनेटवर पाण्यानं काठोकाठ भरलेला पितळी पेला ठेवला आणि गाडी जागच्या जागी सुरू करून वेग वाढवायला लावला. उभ्या गाडीतही पेल्यातलं पाणी थरथरून सांडलं. म्हणजे चाकांचा आणि सडकेचा दोष नाही. अण्णांना क्लच दाबायला लावला, तरी पाणी हलतंच, म्हणजे गिअरबॉक्स निर्दोष सुटला. लाकडी मुठीचा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन त्यांनी एकेका प्लगची ठिणगी बंद करून बघितली. प्रत्येक वेळी इंजिन सारखंच मंदावलं, म्हणजे इंजिनाच्या चारी खोल्या, चारी सिलिंडर, सारखंच काम करत होत्या. पंख्याचा पट्टा काढून बघितला, इंजिनाखालच्या रबरी गाद्या बघितल्या. इंजिन हळू चालताना पाणी शांत, आणि वेग वाढवला की थरथर वाढत जायची. पेला भरायचं काम माझं. एकेक संशयित सुटत चालला होता आणि मला ते सगळं भारी मजेचं वाटत होतं, हे आज कबूल करते. आता माझा नातू गाडी कुठल्याशा यंत्राला जोडतो आणि यंत्र त्याला दोष वाचून दाखवतं. मी त्याला विचारलं, की पेला कुठं ठेवतोस? तो हसला. हसेना का.

तिसऱ्या दिवशी दुपारी चाचा चहा घेत ओट्यावर बसले होते. बशी त्यांच्या हातात वाजत होती. अण्णा जवळ जाऊन बसले, आणि मी दाराआड गहू निवडत होते. चाचा म्हणाले, फिरणारा दांडाच वाकलाय. गिअरबॉक्स उतरवताना त्याचा भार दांड्यावर आला असेल, आपल्याच हातून वाकला असेल. अण्णांनी विचारलं, दुसरा दांडा? चाचांनी मान हलवली. लढाईच्या दिवसांत तो भाग मुंबईतही मिळाला नसता. काळी संपली होती. अण्णा म्हणाले, की सांगलीच्या कारखान्यातला मिस्त्री एकदा बोलवून बघू का? अगदी हळू विचारलं, पण इतक्या वर्षांत पहिल्यांदाच विचारलं.

"बोलवा," चाचा म्हणाले. "माझा हातच आता थरथरतुया. चाकाची खूण तर बराबर जुळवली व्हती, अण्णा. तांबडा ठिपका ठिपक्यासमोर आणला. मग आनि काय ऱ्हायलं? दांडाच."

तांबडा ठिपका. माझ्या हातातलं सूप खाली आलं. डोणीपाशी खापरीनं खरडलेला तो तेलकट डाग, बोटातून गळणारं रक्त, दाराकडून शोभेल म्हणून दिलेलं माझं कुंकू, सगळं एकदम डोळ्यांपुढं आलं. दांडा वाकलाच नव्हता. चाचांनी चाक माझ्या कुंकवावर बसवलं होतं.

त्याच क्षणी बाहेर जाऊन सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. अण्णांचा राग मला ठाऊक होता, आणि खरं सांगायचं तर रागापेक्षा मिस्त्री व्हायाची ही हे चाचांचं बोलणं मला गमवायचं नव्हतं. मी स्वतःला समजावलं, की सांगलीचा मिस्त्री येईल, खोलेल, त्याला कळेल, आपलं नाव कशाला? दुसऱ्या दिवशी सकाळी भाकरी गिळवेना. आई म्हणाली, ताप आलाय का बघू. ताप कसला, लाज आली होती. अंगात चढली की ताप काय आणि लाज काय, सारखीच.

उन्हं वर आली तेव्हा चाचा आले. खांद्यावर हत्यारांची पिशवी, आणि अंगात ईदेला घालायचा कोट. पिशवी त्यांनी पडवीत, नवमीला जिथं पाट होता तिथंच ठेवली. आईला म्हणाले, "वैनी, ही हत्यारं तुमच्याकडंच ऱ्हाऊ द्या. दादा लढाईवरनं आला की त्येला द्या. मी चाललो लोणंदला, लेकीकडं. मला आता ह्यातलं जमंना." आईनं चहाचा आग्रह केला, अण्णा उठून उभे राहिले. चाचांनी पिशवीवरून एकदा हात फिरवला. तो हात थरथरत होता. मला ते बघवेना.

मी मध्ये गेले आणि सगळं सांगून टाकलं. एका दमात, उलटसुलट, रडत. आधी चिंच सांगितली, मग शेंदूर, मग कुंकू. अण्णांना अर्धं कळलंच नाही. आईला कळलं, पण तिनं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं की चाचा जाऊ नयेत म्हणून पोरगी काहीतरी रचून सांगतेय. चाचाही तसंच समजले. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला.

"इंदे, माझं मन राखायला बोलतीस न्हवं?"

"न्हाई चाचा. आईशप्पत. काल दुपारीच मला कळलं व्हतं आनि मी गप बसले."

दुसरं वाक्य बोलले म्हणूनच त्यांचा विश्वास बसला असावा. मन राखायला कोणी आपलीच चोरी सांगत नाही. ते खाली बसले आणि कोट काढून त्यांनी घडी घातला.

गिअरबॉक्स पुन्हा उतरवायला दिवस मोडला. अण्णा माझ्याकडे न बघता पाने देत राहिले. फ्लायव्हील उघडं पडलं तेव्हा चाचांनी चाकावरचा ठिपका नखानं खरवडला. तो भुकटी होऊन नखात आला. दांड्यावरचा खरवडला, तर तो हटला नाही. कुंकू आणि शेंदूर. चाचांनी ते नख माझ्यापुढे धरलं. आता प्रश्न असा, की खरी जागा कोणती? सहा भोकं, त्यातलं एक चुकलेलं, उरली पाच. एकेक करून बघायचं तर पाच वेळा गिअरबॉक्स वर आणि पाच वेळा खाली. अण्णांनी कपाळाला हात लावला. मी माझं बोट बघितलं. मोडक्या दातानं बोट कापलं, आणि हात न हलवता त्याचं रक्त डागावर पडलं होतं. म्हणजे डाग त्या दाताला चिकटूनच होता. मी मोडका दात शोधून त्याच्याशेजारी बोट टेकवलं. जखमेची खपली अजून पडली नव्हती. चाचांनी चष्मा वर केला, आधी दात बघितला, मग माझं बोट, आणि मान हलवली. तो दात दांड्याच्या शेंदरासमोर आणून त्यांनी बोल्ट आवळले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही सगळे पडवीत उभे. अण्णांनी हँडल मारलं. मी बॉनेटवर पेला ठेवला, काठोकाठ भरलेला, आणि चाचांनी त्याच्याशेजारी आपला तळहात टेकला. अण्णा आत बसून वेग वाढवत गेले. आधी जिथं थरथर सुरू व्हायची ती जागा आली आणि गेली. इंजिनाचा आवाज चढत चढत एकसारखा झाला. पाण्यावर नुसती बारीक सुरकुती होती, थेंबही सांडला नाही. आईनं हात जोडले. अण्णा कितीतरी दिवसांनी हसले आणि मला म्हणाले, "घासू नगंस आता काय बी. भांडी सोडून." एवढ्यावर माझी सुटका झाली. पुढे चाचांनी आपला नियम मोडला. एका रविवारी चाक उघडं करून छिन्नी माझ्या हातात दिली आणि दांड्यावर आणि चाकावर माझ्याकडूनच खूण मारून घेतली. एवढी जखम चालती म्हणाले. माझ्या बोटावरचा व्रण अजून आहे. लग्नात हातावर मेंदी काढणारीनं विचारलं होतं, हे काय लागलं गं? मी तिला गिअरबॉक्सपासून सांगायला बसले, आणि मेंदी वाळून गेली.

पण त्या सकाळचं मला सगळ्यात जास्त आठवतं ते वेगळंच. आम्ही तिघं पेल्याकडे बघत होतो. चाचा पेल्याकडे बघतच नव्हते. ते बॉनेटवर टेकलेल्या आपल्या हाताकडे बघत होते. हात स्थिर होता. त्यांनी तो उचलून हवेत धरला, पालथा केला, उलटा केला, आणि पुन्हा बॉनेटवर ठेवला. मग वळून मला म्हणाले,

"इंदे, माझी पिशवी आण जा."